सूर्योदय की सूर्यास्त? येरळवाडी, मायणी आणि कृष्णाकाठचे पाणपक्षी

ओंजळ

नमस्कार मंडळी. बदली होऊन कऱ्हाडला आलेय आणि बऱ्याच दिवसांनी कॅमेरा बाहेर काढलाय (कॅनन १५००डी, सोबत ५५-२५० ची लेन्स). मोकळा वार एकच, रविवार. येरळवाडीच्या धरणावर पट्टकादंब (बार-हेडेड गूज) आलेत असं कानावर आहे. रोहितांचं (फ्लेमिंगो) मात्र जो तो वेगळंच सांगतो. इथून दीड-पावणेदोन तासांचा रस्ता, म्हणजे सूर्योदयाला तिथं हजर व्हायचं तर पहाटे चारच्या आधी उठणं आलं.

म्हणून माझं मत आधीच नोंदवते: सूर्यास्तच बरा. रंग तेच, झोप पूर्ण, वाटेत चहा. सकाळी जो प्रकाश पूर्वेकडून येतो तोच संध्याकाळी पश्चिमेकडून. पक्ष्यांना काय फरक पडतो?

आता अडचण. माझ्या फोटोत एक तर पक्षी नीट दिसतो आणि आकाश पांढरंफटक होतं, नाही तर आकाश छान शेंदरी आणि पक्षी ठार काळा. दोन्ही एकत्र कसं मिळवायचं? तलावाच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं याचा काही नियम असतो का? मोठी लेन्स घ्या, हे सोडून कुठलाही सल्ला चालेल.

---

पाणकावळा

दोन्ही. मधल्या वेळात जवळच्या मायणीत जेवण आणि गाडीत झोप. पुढचा प्रश्न?

---

येरळाकाठ

ताई, रंग एक असंल पण पाखरांचं वेळापत्रक एक नाही. मी तिथून जवळच राहतो म्हणून सांगतो. कादंब रात्री आणि पहाटे आमच्या हरभऱ्यात, गव्हात चरतात. उजाडायला लागलं की एकेक थवा ओरडत पाण्यावर येतो. एकदा ऊन चढलं की मग दिवसभर काठावर माना पाठीत खुपसून बसायचं. उतरायचा खेळ चालतो अर्धा-पाऊण तास. दहा वाजता आलात तर लांबवर राखाडी दगड दिसतील. ते दगड म्हणजेच कादंब.

संध्याकाळची मजा वेगळी. बगळे, शराट्या, पाणकावळे रांगा धरून झोपायच्या झाडांकडं निघतात. रोज तीच वाट, जवळजवळ तीच वेळ. आज वाट बघून ठेवली की उद्या तिथं कॅमेरा लावून बसता येतं. बदकं मात्र अंधार पडता पडता चरायला उठतात, तोवर तुमच्या कॅमेऱ्यानं मान टाकलेली असती.

तेव्हा कादंब पायजेत तर पहाटे उठायलाच लागतंय. इलाज नाही.

---

टिबुकली

त्या राखाडी दगडांचे माझ्याकडे एवढे फोटो आहेत की घर बांधता येईल.

---

एफ_आठ

ओंजळताई, तुमच्या प्रश्नातच गोम आहे. शेंदरी आकाश सूर्याच्या बाजूला असतं. पक्ष्यावर सोनेरी ऊन हवं तर सूर्य तुमच्या पाठीशी पाहिजे. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध दिशांना आहेत, त्यामुळे एका चौकटीत त्या मागितल्या की कॅमेरा गोंधळणारच. कॅमेऱ्याची चूक नाही, तुमचीही नाही. गाडीतून उतरण्याआधी ठरवायचं: आज आकृती हवी की पिसं?

पिसं हवी असतील तर सकाळी तलावाच्या पूर्वेच्या काठाला उभे राहा आणि पश्चिमेकडे बघा. संध्याकाळी पश्चिमेचा काठ, तोंड पूर्वेला. काळ्या आकृत्या हव्या असतील तर नेमकं उलटं. नियम म्हणाल तर एवढाच.

याला वाऱ्याची जोड द्या. पाणपक्षी वाऱ्याच्या तोंडावर उठतात आणि वाऱ्याच्या तोंडावरच उतरतात. हिवाळ्यात आपल्याकडे सकाळचा वारा बहुतेक वेळा पूर्व-ईशान्येचा. म्हणजे पूर्वेच्या काठावर उभं राहिलं तर ऊन पाठीवर आणि उतरणारा कादंब सरळ तुमच्याकडे तोंड करून येतो. उन्हाळ्याकडे झुकलं की संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतो, तेव्हा हेच गणित पश्चिमेच्या काठाला लागू.

आकडे: उडत्या पक्ष्याला शटर १/१६०० सेकंदाहून हळू नको. तुमची लेन्स २५० ला एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही, त्यामुळे पहाटे आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) १६००-३२०० लागणारच, घाबरू नका. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. बसलेल्या पक्ष्याला १/५०० पुरे. पांढरा बगळा थेट उन्हात आणि मागं गडद पाणी असेल तर एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) उणे पाऊण-एक करा, नाहीतर पिसं जळतात. उलट आकाशाकडे बघून पक्षी उजळ हवा असेल तर अधिक एक ते दीड. आकाश पांढरं होईल, होऊ दे. आकृतीसाठी उणे एक किंवा त्याहून खाली. व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा ठरवणारं सेटिंग) ऑटोवरून काढून ‘क्लाउडी’वर ठेवा. ऑटो बिचारा इमानदारीनं तो सोनेरी रंग दुरुस्त करून टाकतो.

---

टिबुकली

वाऱ्याचं माहीत नव्हतं! आता माझ्याकडे फक्त शेपट्यांचे फोटो का आहेत ते कळलं.

---

क्लिकबहाद्दर

एवढं कशाला? एक टाळी वाजवायची, सगळा थवा उठतो, हवा तेवढा फोटो. टाळीनं कुणी मरत नाही.

---

गवताळ_माळ

@क्लिकबहाद्दर, टाळी वाजवून उठवलेला पक्षी तुमच्यापासून लांब पळतो. म्हणजे फोटो शेपटीचाच. टिबुकलीताईंना विचारा.

हा झाला फोटोचा मुद्दा. पक्ष्याचा मुद्दा असा की कादंब इथं येतो तो हिमालय ओलांडून, आणि उन्हाळ्याआधी त्याला तिबेट-मंगोलियाकडे तेवढंच अंतर परत कापायचं असतं. इथला मुक्काम म्हणजे अंगावर चरबी चढवायचा काळ. सकाळपासून चार टोळकी चार बाजूंनी टाळ्या वाजवायला लागली तर तो खाणार कधी, झोपणार कधी? शिवाय एकदा उठलेला थवा पलीकडच्या काठाला जाऊन बसतो आणि पहाटे तीनला उठून आलेल्या बाकीच्यांची सकाळ वाया जाते. मायणी-येरळवाडीचा परिसर २०२१ पासून संवर्धन राखीव आहे, हेही लक्षात असू द्या. ड्रोनचं तर नावच काढू नका.

आणि एक विनंती सगळ्यांना. असे धागे वाचून गाड्या भरून लोक येतात. नेमक्या जागा जाहीर लिहू नयेत असं माझं मत आहे.

---

येरळाकाठ

माळसाहेब, टाळीचं तुमचं पटलं. जागेचं नाही. धरण काय गुपित हाय का? नकाशावर आहे, एसटी जाते. लोक आले, चार दुर्बिणी दिसल्या, की आमच्या पोरांना पाखरांची किंमत कळती. कुणी बघायला येत नव्हतं तेव्हा इथं रात्री जाळी लागायची, ते कुणी लिहिलं नाही.

---

गवताळ_माळ

जाळ्यांचा मुद्दा मान्य. धरणाचं नाव लिहायला माझी हरकत नाही. घरट्यांची जागा मात्र कधीच नाही. टिटवी, शेकाट्या, नदी सुरय ही मंडळी उघड्या जमिनीवर, वाळूत, खडीत अंडी घालतात, तीही ऐन उन्हाळ्यात. आईला दहा मिनिटं उठवलं तरी अंडी उन्हात भाजतात. फोटो काढणाऱ्याला अंडी दिसतही नाहीत, पायाखाली येतात. मार्चनंतर तलावाच्या उघड्या पडलेल्या बेटांवर जाऊच नका.

---

क्लिकबहाद्दर

बरं बाबा, टाळी मागे.

---

लीड्सकर

धागा छान चाललाय. मूळचा इस्लामपूरचा, आता इंग्लंडात लीड्सला. यूट्यूबवरचे गोरे ‘गोल्डन अवर’ म्हणतात तेव्हा त्यांच्याकडे तो खरंच तासभर किंवा जास्त चालतो, कारण इथं सूर्य तिरका घसरत मावळतो. आपल्याकडे सातारा-सांगली साधारण १७-१८ अंश अक्षांशावर, सूर्य जवळपास सरळ खाली उतरतो. पाऊण तास मिळाला तरी खूप. सूर्यबिंब क्षितिजाला टेकल्यापासून अडीच मिनिटांत खेळ खलास. इथं मी ट्रायपॉड लावून, कॉफी पिऊन, मग कॅमेरा काढायचो. सुट्टीत गावी येऊन हाच थाट केला तर कॉफी होईपर्यंत अंधार.

---

एफ_आठ

@लीड्सकर, अगदी. आणि वेळेबाबत आणखी एक. सगळ्यात छोटा दिवस २१-२२ डिसेंबरचा, पण म्हणून सगळ्यात उशिरा सूर्य तेव्हा उगवतो असं नाही. साताऱ्यात सर्वात लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटी, सहाच्या थोडा आधी. सर्वात उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्याला, सात वाजून गेल्यावर. म्हणजे ओंजळताई, झोपेचाच प्रश्न असेल तर जानेवारी तुमचा महिना.

---

ओंजळ

सात वाजता सूर्योदय! हे आधी सांगायचं ना. मत अर्धं बदललं.

एफ_आठ, आकृती की पिसं हे वाचून डोक्यात लख्ख पडलं. पण खरं सांगू का, मन अजून दोन्हीवरच आहे. काहीच उपाय नाही?

---

निवृत्त_भूगोल

एक अपवाद आहे, एफ_आठ यांनी सोडलेला. सूर्य उगवण्याआधी पंधरा-वीस मिनिटं पश्चिमेला वळून बघा. क्षितिजालगत निळसर-करडा पट्टा दिसतो आणि त्याच्या वर गुलाबी. खालचा करडा पट्टा म्हणजे वातावरणावर पडलेली पृथ्वीचीच सावली. सूर्य वर येईल तशी ती खाली सरकते आणि नाहीशी होते. संध्याकाळी सूर्य बुडाल्यावर हाच प्रकार पूर्वेला, उलट्या क्रमाने. त्या वेळी आकाश रंगीत असतं आणि पक्ष्यावर मंद, सावली न पाडणारा उजेड पडतो. दोन्ही एकाच दिशेला. पाणी स्थिर असेल तर गुलाबी दुप्पट.

अट: उजेड फार कमी, त्यामुळे उडता पक्षी नाही. एका पायावर उभा राखी बगळा, चित्रबलाक, शेकाट्या असा स्थिर गडी शोधा आणि शटर १/६० पर्यंत खाली न्या.

---

एफ_आठ

सर, हे निसटलंच होतं. १/६० साठी कॅमेरा टेकवायला काहीतरी पाहिजे. जुन्या जीन्सचा एक पाय कापून दोन्ही तोंडं शिवा, आत ज्वारी भरा. गाडीच्या खिडकीवर, दगडावर, कुठंही बसतो. तांदूळही चालतो, पण पावसात भिजला तर काय होतं ते सांगत नाही.

---

हरिपूरची_हळद

ओंजळ, येरळवाडीसाठी एवढं लांब जायच्या आधी उशाशी काय आहे ते बघ ना. कऱ्हाडातच प्रीतिसंगमावर (कृष्णा-कोयना मिळतात तिथं) सकाळी नदी सुरय मासे मारत असतो. आणि नुसता निसर्गदेखावा हवा असेल तर सांगली. सांगली शहर कृष्णेच्या पूर्वेच्या काठावर, सगळे घाट पश्चिमेला तोंड करून. म्हणजे संध्याकाळी घाटाच्या पायरीवर बसलं की सूर्य पाण्यापलीकडे सांगलीवाडीच्या बाजूला बुडतो, आणि सकाळी तेच ऊन पाठीमागून येऊन पलीकडच्या काठावर पडतं. एकाच पायरीवरून दोन्ही. आयर्विन पूल १९२९ चा, त्याच्या कमानी आकृतीसाठी झकास. आमच्या हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते, तिथं थंडीत पाण्यावर वाफ असते. रात्र निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर हमखास, कारण हवा गारठते आणि पाणी तेवढं गार झालेलं नसतं. ऊन आलं की उडून जाते, म्हणून आधीच जाऊन बसायचं.

सूर्य डिसेंबरात ठीक पूर्वेला उगवत नाही, चांगला पंचवीस अंश दक्षिणेला सरकलेला असतो, आणि मे-जूनमध्ये जवळजवळ तेवढाच उत्तरेला. देवळाच्या कळसाच्या मागं सूर्य हवा असेल तर महिना बघून जागा ठरवायची.

अवांतर: येताना भडंग घेऊन जा.

---

सह्याद्रीची_सावली

वरच्या वेळा सपाट मुलखाच्या आहेत हे लक्षात ठेवा. आमच्या वाईकडे धोमला, किंवा साताऱ्याजवळ कण्हेरला, कॅलेंडरातला सूर्यास्त धरून गेलात तर सूर्य केव्हाच डोंगराआड गेलेला. तासभर आधी पोचायचं. डोंगराच्या रांगा एकामागे एक फिकट होत जातात तो फोटो मात्र पूर्वेकडच्या माण-खटाववाल्यांना मिळणार नाही. त्यांना क्षितिज, आम्हाला डोंगर, अशी वाटणी.

---

माणदेशी

@सह्याद्रीची_सावली, पाऊसही सगळा तुम्हीच ठेवून घेतलाय, तो वाटणीत कुठं गेला?

ओंजळताईंनी रोहितांचं विचारलं होतं, ते राहिलंच. रोहित पाणी बघून येतो. चोच उलटी करून पाणी गाळून खाणारा पक्षी, त्याला उथळ पाणी आणि चिखल लागतो. पाऊस धो-धो झाला, तलाव सांडव्यापर्यंत भरला, की उथळ काठच उरत नाही. मग तो दुसरीकडे जातो किंवा उशिरा येतो. पाणी हटायला लागलं, गाळपेर (तळातली गाळाची जमीन) उघडी पडली, की त्याची आशा धरायची. तुतारी, शेकाट्या, चमचे या पक्ष्यांचंही तेच. म्हणून गेल्या वर्षी जिथं दिसले तिथंच यंदा दिसतील असं नाही. मायणीचा तलाव गाळानं भरलेला, तिथलं पाणी लवकर हटतं. येरळवाडीत जास्त टिकतं. दोन्हींकडे चौकशी करून निघा.

दुष्काळी भागातल्या माणसाला तलाव तुडुंब भरल्याचं वाईट वाटावं, असा हा एकमेव छंद.

---

पाणकावळा

@माणदेशी, शेवटची ओळ फ्रेम करून लावतो.

---

मोबाइलवाला

आम्हा गरिबांसाठी कुणी काही सांगेल का? मोबाइलनं काय काढता येतं?

---

हरिपूरची_हळद

खूप काही. पक्षी लांबच राहू दे, देखाव्यातला एक ठिपका म्हणून. पडद्यावर आकाशाच्या उजळ भागावर बोट दाबून धर, फोकस-एक्स्पोजर लॉक होतं, मग बोट खाली ओढ. रंग भरतो. झूम करू नकोस. लेन्स धोतराच्या सोग्यानं का होईना, आधी पूस. निम्मे धूसर फोटो बोटाच्या तेलामुळे असतात.

---

कमानीखालचा

सगळीकडे वाचतो, ‘पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीला या, जमिनीवर झोपा’. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ या पट्ट्यात कृष्णेच्या काठावर कृपया झोपू नका. मगरी आहेत. थंडीत सकाळी ऊन खायला त्याही काठावरच येतात, आणि त्या आधीच पोटावर झोपलेल्या असतात. पाण्यापासून अंतर ठेवून, उंच काठावरून फोटो काढा. येरळा शेवटी ब्रह्मनाळलाच कृष्णेला मिळते, तेव्हा मायणीवाल्यांनीही फार हसू नये.

---

टिबुकली

डोळ्याच्या पातळीला मगरीचा डोळा. पोटभर अँगल.

---

धरणभिंत

मगर नसली तरी झोपण्याचा सल्ला दर वेळी बरोबर नाही. संध्याकाळच्या आकृतीसाठी तर मी उलटंच सांगेन. जमिनीशी गेलात की पक्ष्याच्या मागे पलीकडचा काठ येतो, तो काळा, पक्षीही काळा, दोघं एकमेकांत मिसळून जातात. बांधावर किंवा उंचवट्यावर उभं राहिलात की पक्ष्याच्या मागं फक्त चमकणारं पाणी येतं आणि चोच, पाय, मान सगळं सुटं दिसतं. चार पावलं वर-खाली करून बघा.

---

एफ_आठ

अंशतः सहमत. पाठीशी ऊन असताना मात्र खालचाच कोन. वरून काढलेला पक्षी बुटका दिसतो. आणि आकृतीत दोन पक्षी एकमेकांवर चढले तर तीन पायांचा विचित्र प्राणी तयार होतो, तेवढं सुटं होईपर्यंत थांबा.

सूर्यबिंबाबद्दल महत्त्वाचं. १५००डी हा आरशाचा कॅमेरा, त्याच्या नेत्रिकेतून (डोळा लावायच्या खिडकीतून) उघड्या सूर्याकडे बघू नका. डोळा जाईल. मागच्या पडद्यावर बघून काढा, तेही बिंब लालसर, सहन होण्याइतकं मंद झाल्यावर. तुमच्या २५० वर ते चौकटीच्या उंचीच्या साधारण सहाव्या भागाएवढं येतं, कमी नाही. आमच्याकडे ऊसतोडीच्या हंगामात पाचट पेटवतात, तो धूर क्षितिजाशी साचतो आणि सूर्य बुडायच्या बराच आधी तांबडा गोळा होतो. फोटोला बरं, छातीला वाईट.

---

येरळाकाठ

पाखरांवरून आठवलं. संध्याकाळी कुणी भोरड्या (गुलाबी मैना) बघितल्या का? शाळू हुरड्यात आला की हजारांनी येतात. दिवस मावळताना झोपायच्या आधी बाभळीवर नाही तर उसावर असा थवा वळवतात की आभाळात चादर झटकल्यागत. पाणपक्षी नाही, पण ज्याच्याकडं मोठी लेन्स नाही त्याला यासारखं दुसरं नाही. रुंद लेन्सच पायजे उलट. शेतकरी मात्र गोफण घेऊन उभा असतो, त्याला विचारून शेतात शिरा. हरभऱ्याचंही तेच. बांधावरनं चाला, रोपं तुडवू नका. कादंबांनी खाल्लेलं एक वेळ आम्ही सोसतो, बुटांनी तुडवलेलं नाही.

---

गवताळ_माळ

@येरळाकाठ, अनुमोदन. आणि दिसलेल्या पक्ष्यांची यादी, तारीख, अंदाजे संख्या ई-बर्डवर (पक्षीनोंदींचं संकेतस्थळ) टाकत जा मंडळी. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, तेव्हा तर नक्कीच. फोटोपेक्षा ती नोंद जास्त दिवस कामाला येते.

---

ओंजळ

रविवारी जाऊन आले. पहाटेच! पूर्वेच्या काठाला गाडी लावली. आधी निवृत्त सरांचा गुलाबी पट्टा. एक राखी बगळा पाण्यात उभा, मागं गुलाबी, खाली गुलाबी. ज्वारीच्या पिशवीवर टेकवून १/६०. पहिला तो फोटो आईला पाठवला, तिनं विचारलं रंग कुणी भरला.

मग कादंब. आवाज आधी, पक्षी नंतर. वारा पूर्वेचा होता आणि ते खरंच माझ्या दिशेनं तोंड करून, पाय पुढं काढून उतरले. डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्या मोजता येतात फोटोत. आकाश फिकट निळं आहे, शेंदरी नाही, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. रोहित नव्हते. पाणी अजून खूप आहे, माणदेशी म्हणाले तसंच.

पण सूर्यास्ताचा हट्ट सोडलेला नाही. पुढच्या रविवारी सांगलीचा घाट. आणि एक शंका: परत येताना टपरीत चहाला थांबले तर लेन्सवर धुकं जमलं. आत बुरशी वगैरे धरेल का?

---

माणदेशी

फेब्रुवारीअखेर पुन्हा चक्कर मारा, पाणी हटलेलं असेल.

---

एफ_आठ

बाहेरच्या काचेवर जमलं असेल तर काळजी नको. गार झालेली लेन्स टपरीतल्या उबदार, दमट हवेत गेली की वाफ बसणारच. पुसत बसू नका, धूळ असेल तर ओरखडे पडतात. आत जाण्याआधी बाहेरच पिशवीत घालून चेन लावायची आणि अर्धा तास उघडायची नाही. घरी आल्यावर मात्र पिशवीतून काढून कोरड्या जागी ठेवा. बुरशी ओल्या, बंद पिशवीत धरते.

---

हरिपूरची_हळद

घाटावर येशील तेव्हा पाचच्या आत ये, पायऱ्यांवर जागा मिळत नाही. भडंग मी आणते.